तापीचे पूर आणि प्रकाशाची देवळे

१८२२ च्या पावसाळ्यात तापी फुगली आणि खानदेशातली ६५ गावे पुरती, तर ५० गावे अर्धीमुर्धी वाहून गेली. नुकसान अडीच लाख रुपयांचे झाले, असे इंग्रजांच्या गॅझेटियरात नोंदले आहे. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्याला बसून नव्याने हाती आलेल्या मुलखाची घडी बसवत होता, आणि त्याच्या कारकिर्दीतच नदीने एवढा मोठा घास घेतला. गॅझेटियरातल्या त्या नोंदीत गावे आहेत, रुपये आहेत. देवळे नाहीत. पण तापीकाठी महादेवाचे एखादे ठाणे नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. गावे गेली तेव्हा काठावरचे देवही पाण्यात उभे राहिले असणार. त्यांतले किती तरले आणि किती नदीच्या पोटात गेले, हे कुणी लिहून ठेवले नाही.

हा पूर आला तो आधीच मोडलेल्या मुलखावर. १८०२ पासूनची होळकर-शिंद्यांची धामधूम, त्यामागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढाऱ्यांचा धुमाकूळ, यांनी खानदेशातली गावेच्या गावे ओस पाडली होती. शेत पडीक तर देवाचे इनामही पडीक. गुरव परागंदा झाला की दिवा विझतो. दिवा विझलेल्या देवळाच्या शिखरात पिंपळ उगवतो, आणि तो उपटणारा कुणी नसतो. दहा-पंधरा वर्षांत त्या पिंपळाच्या मुळ्या पाचर ठोकावी तशा चिऱ्यांच्या सांध्यांत उतरतात. अशा देवळावर पूर आला म्हणजे तो दगड सरकवायला येतो. सांधे आधीच सुटलेले असतात. १८२२ चा विचार करताना मला पुराच्या पाण्याइतकीच ती आधीची वीस वर्षे महत्त्वाची वाटतात.

प्रकाशा हे गाव तापीच्या उत्तर काठावर, शहादा तालुक्यात. सातपुड्यातून उतरलेली गोमाई शहाद्यावरून येऊन इथे तापीला मिळते. या संगमामुळे गावाला तीर्थाचे रूप आले. दक्षिण काशी म्हणतात, प्रतिकाशीही म्हणतात. केदारेश्वर, काशीविश्वेश्वर, पुष्पदंतेश्वर, संगमेश्वर अशी महादेवाची ठाणी इथे आहेत. काशीयात्रा करून आलेल्याने प्रकाशाला येऊन पुष्पदंतेश्वराचे दर्शन घेतले की यात्रा पुरी होते, असा या भागातला जुना समज आहे. गावाच्या पूर्वेला गौतमेश्वराचे देऊळ. गुरू सिंह राशीत आला की, म्हणजे बारा वर्षांतून एकदा, तिथे मोठी यात्रा भरते. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरानेही तिची दखल घेतली आहे. एरवी वर्षभर घाटावर दशक्रिया होतात, अस्थी विसर्जित होतात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला रीघ लागते. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस. सूर्याच्या या लेकीला त्या दिवशी साडीचोळी वाहतात. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, नदी गढूळ होऊ लागते त्या सुमाराला तिची ओटी भरली जाते.

गावात माणसाची वस्ती किती जुनी, याचे उत्तर १९५५ मध्ये मिळाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बा. कृ. थापर यांनी इथली पांढर खणली. खानदेशात जुन्या वस्तीच्या राखट मातीच्या टेकाडाला पांढर म्हणतात. शेतकरी तिची माती खत म्हणून शेतात नेत, आणि त्यात खापरे, मणी, कधी नाणीही निघत. थापरांच्या खणतीत एकावर एक असे चार कालखंड सापडले. तळाशी ताम्रपाषाण युगाची वस्ती, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातली. तिच्यात माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगवलेली भांडी, तांबड्या चकचकीत पृष्ठाची खापरे. त्यावर लोखंड वापरणाऱ्यांचा थर, मग सातवाहनकाळ आणि त्यापुढचा, आणि सर्वांत वर साधारण अकराव्या शतकापर्यंतची वस्ती. पहिल्या आणि दुसऱ्या कालखंडामध्ये मात्र खंड आहे. वस्ती उठली, टेकाड उन्हापावसात झिजत पडले आणि पुष्कळ काळाने माणसे परत आली. जवळच तापीकाठी सावळदा आहे. त्या गावच्या नावाने तर एक अख्खी ताम्रपाषाणकालीन संस्कृती ओळखली जाते. म्हणजे या काठावर माणूस चार हजार वर्षे राहतो आहे, अधूनमधून उठून जातो आहे आणि पुन्हा येतो आहे. राहायला त्याने उंचवटा निवडला, कारण खाली नदी होती.

ही नदी इतकी का फुगते? तापीची लांबी ७२४ किलोमीटर आणि पाणलोट ६५,१४५ चौरस किलोमीटर. त्याचा चार पंचमांशाच्या आसपास भाग महाराष्ट्रात. मुलताईला उगम पावून ती सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधल्या लांबट खोलगटातून पश्चिमेला जाते. बंगालच्या उपसागरात उठणारे कमी दाबाचे पट्टेही मध्य भारतावरून पश्चिमेलाच सरकतात. पाऊस आधी वऱ्हाडात पूर्णेवर पडतो, मग जळगावकडे गिरणा-वाघूरवर, मग धुळ्याकडे पांझरा-बुराईवर. आणि वरचे पाणी वाहत खाली येते तेव्हाच त्याच्या सोबतीने पाऊसही खाली येतो. ढग आणि नदी एकाच दिशेने, जवळजवळ एकाच चालीने चालतात. पुराच्या लाटेवर प्रत्येक उपनदी आपली भर घालते. प्रकाशाला येईपर्यंत त्या पाण्यात पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा असे सगळ्यांचे पाणी एकवटलेले असते, आणि तिथे गोमाई येऊन मिळते. तापी तुडुंब असली म्हणजे गोमाईला वाट मिळत नाही. ती मागे तुंबते आणि आपलेच काठ कुरतडते. संगमावरच्या देवळाला त्यामुळे दोन्ही नद्यांचा मार बसतो.

भूरूपशास्त्राचे अभ्यासक विश्वास काळे आणि प्रमोदकुमार हिरे यांनी तापीच्या पुरांचा या शतकाच्या सुरुवातीला बारकाईने अभ्यास केला. नदीचे पात्र खोल, काठ उंच आणि उभे. त्यामुळे लहानसहान पूर पात्रातच जिरतात. मोठा पूर मात्र पसरायला जागा नसल्याने सगळी ताकद तळावर आणि काठांवर काढतो. वर्षानुवर्षे काही घडत नाही आणि एका आठवड्यात नदीचा चेहरा बदलतो. देवळांच्या दृष्टीने ही फार वाईट सवय आहे. एका पिढीने मोठा पूर पाहिलेलाच नसतो. तिला वाटते, पाणी इतके वर येतच नाही.

काठ कशाचे आहेत हेही पाहायला हवे. कोयनेच्या किंवा सावित्रीच्या काठी खडक असतो. खानदेशात तापीच्या दोन्ही अंगांना नदीनेच आणून टाकलेला गाळ आहे, शेकडो फूट खोल. उन्हाळ्यात पात्रात उतरून एखाद्या तुटलेल्या काठासमोर उभे राहिले की थर स्पष्ट दिसतात. पिवळसर बारीक माती, मध्येच वाळूची रेघ, मग गोट्यांचा पट्टा, पुन्हा माती, त्यात पांढऱ्या चुनखडीचे खडे. वाळूची प्रत्येक रेघ म्हणजे कधीतरी आलेला एक पूर. बोटाने खरवडले तर माती सुटते. कोरडी असताना हीच माती भिंतीसारखी उभी राहते आणि भिजली की लोण्यासारखी होते. अशा मातीच्या कड्यावर माणसांनी दगडाची देवळे बांधली.

ती बांधणाऱ्यांना पाण्याची जाण होती. खानदेशातली जुनी देवळे काळ्या पाषाणाची. मोठे घडीव चिरे, एकमेकांत बसवलेले. त्यांचे स्थैर्य वजनात. पाण्यात बुडालेल्या दगडाचे वजन त्याने दूर सारलेल्या पाण्याइतके घटते, पण आपला बेसॉल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. बुडूनही तो आपली जागा सोडत नाही. मंडप चहूबाजूंनी मोकळा असला तर पाणी खांबांमधून निघून जाते, भिंतीवर रेटा येत नाही. उंच जोत्याचा उपयोग शोभेसाठी जसा, तसाच पहिल्या दोन-तीन पुरुष पाण्यासाठी. महादेवाचा गाभारा मात्र बऱ्याच ठिकाणी मंडपाहून खाली, काही पायऱ्या उतरून. अभिषेकाचे पाणी बाहेर जायला तिथून एक वाट काढलेली असते आणि ती बाहेर गोमुखात उघडते. पूर येतो तेव्हा पाणी दारातून यायच्या आधी त्या गोमुखातून उलटे आत शिरते. दाराच्या उंबऱ्याशी पाणी पोचलेले नसते आणि पिंडीभोवती मात्र घोटाभर पाणी चढलेले असते. नदीकाठच्या गुरवांना ही खूण ठाऊक असते. वरच्या गावातून सांगावा येण्याआधी देवच सांगतो, असे ते म्हणतात.

आत आणि बाहेर पाण्याची पातळी बरोबरीने चढते तोवर भिंतीला धोका कमी. धोका सुरू होतो पाणी उतरू लागते तेव्हा. पूर दोन-तीन दिवस राहिला की काठाची माती पोटापर्यंत भिजते. नदी झपाट्याने खाली जाते, मातीतले पाणी मात्र तेवढ्या वेगाने निथळत नाही. ते आतून बाहेर रेटत राहते, आणि समोरून तोलून धरणारे नदीचे पाणी तर निघून गेलेले असते. मग काठाचा अख्खा तुकडा, वरच्या झाडासकट, धबकन पात्रात बसतो. ऊन पडलेले असते, लोक पूर ओसरला म्हणून घराकडे परतत असतात. माझे ठाम मत आहे की तापीकाठचे देऊळ चढत्या पुरात क्वचित पडते. ते पडते ओसरत्या पुरात, आणि त्याहून अधिक वेळा ओसरल्यानंतरच्या चार-दोन वर्षांत, जेव्हा पायाखालचा पोकळ झालेला काठ कुणी भरून काढत नाही.

म्हणून घाट. आपण घाटाकडे स्नानाची सोय म्हणून पाहतो. गाळाच्या काठावर घाट म्हणजे देवळाची खरी पायाभरणी. पायऱ्यांची दगडी उतरण काठाची माती बांधून ठेवते, पाण्याचा घासटा स्वतःवर घेते. जुन्या चांगल्या घाटांत दगडांच्या मागे गोट्यांची भर आणि दगडांमध्ये पाणी निथळायला ठेवलेल्या फटी असतात. भिजलेला काठ त्या फटींतून हळूहळू पाणी सोडतो आणि उभा राहतो. फट दिसली की ती सिमेंटने बुजवायची, हा आपल्या काळाचा हात. घाट नवा दिसतो आणि मागे पाणी कोंडते.

१८२२ नंतर तापीने स्वस्थ बसू दिले नाही. १८३७ मध्ये ती पुन्हा चढली. सुरतेला त्या वर्षी आधी मोठी आग लागली होती, मग पूर आला, आणि शहर दोन्हींनी मोडले. सप्टेंबर १८७२ मध्ये पाळी गिरणा-पांझऱ्याची होती. धुळ्यात ५०० घरे गेली, १५२ गावांना तडाखा बसला आणि १६ लाखांची मालमत्ता बुडाली. हजारावर लोकांना सरकारी आणि खाजगी मदतीवर जगवावे लागले. या साऱ्या काळात देवळांच्या डागडुजीचा पैसा कुठून येत होता? जुनी व्यवस्था दिवाबत्तीच्या इनामाची होती. जमीन देवाच्या नावे, उत्पन्नातून नैवेद्य, दिवा आणि चुना-दगड. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले, सनदा तपासल्या गेल्या. देवस्थानांची इनामे पुष्कळ ठिकाणी टिकली. पण जिथे रोख वर्षासन होते तिथे आकडा गोठला. शंभर वर्षांपूर्वी ज्या रकमेत गवंडी आणि चार बेलदार महिनाभर राबत, तीच रक्कम पुढे एका दिवसाच्या तेलालाही पुरेना. पुढे सरकारने देवळांच्या कारभारातून अंग काढून घेतले. पूर मात्र येतच राहिले.

मग पुरातत्त्वाचे लोक आले. हेन्री कझन्स यांनी मुंबई इलाख्यातल्या प्राचीन अवशेषांच्या याद्या केल्या. खानदेशातली देवळे मोजली, त्यांचे नकाशे काढले, आणि दख्खनमधल्या मध्ययुगीन देवळांवरचा त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये निघाला. लॉर्ड कर्झनच्या काळातला प्राचीन स्मारकांचा कायदा १९०४ चा. साक्रीजवळचे बलसाणे, तापी-पूर्णा संगमावरचे चांगदेव अशी देवळे संरक्षित झाली. हे काम मोठेच होते. पण याद्यांची नजर नक्षीवर होती. ज्या देवळात पूजा चालू आहे, ज्याला पिढ्यान्पिढ्या चुना लागला, ज्याचा मंडप कुणा सावकाराने नवा बांधला, ते देऊळ यादीच्या नजरेत बसत नसे. तीर्थक्षेत्रातली देवळे बहुधा अशीच असतात. जिवंत असणे हाच त्यांचा दोष ठरला. शिखर नसलेले चांगदेवाचे देऊळ आज पुरातत्त्व खात्याच्या राखणीत आहे आणि हतनूर धरणाचा फुगवटा त्याच्या संगमापर्यंत येतो. तिथे निदान दगडन्‌दगड कागदावर आहे. पुढे काही हलले तर काय हलले हे सांगता येईल.

ऑगस्ट १९६८ मध्ये तापीने विसाव्या शतकातला सर्वांत मोठा पूर आणला. सुरतेपाशी साधारण १५ लाख क्युसेक पाणी होते. खानदेशातल्या ज्या म्हाताऱ्यांनी तो पाहिला, त्यांच्या बोलण्यात पुढे कितीतरी वर्षे ‘अडुसष्टचा पूर’ हे मोजमाप होऊन राहिले. उकाई धरण तेव्हा बांधले जात होते. ते १९७२ मध्ये पुरे झाले. सुरतेला आडोसा मिळाला. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या प्रकाशाला उकाईचा आडोसा नाही, हे उघड आहे. वरच्या अंगाला हतनूर झाले, पुढे प्रत्येक उपनदीवर बंधारे झाले, पण मोठ्या पुरापुढे त्यांची साठवण थोडी. ऑगस्ट २००६ मध्ये ते दिसले. खानदेशावर पाऊस कोसळला, उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरत शहर बहुतांश पाण्याखाली गेले. वर्तमानपत्रांत सुरत होती, ते साहजिकच. उकाईत जमलेल्या त्या पाण्याचा मोठा वाटा आधी प्रकाशाच्या घाटावरून गेला होता.

याच सुमारास प्रकाशाच्या नदीचे रूपही पालटले. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा अशी बॅरेजेस तापीवर झाली. उन्हाळ्यात जिथे वाळू आणि डोह असत तिथे बारमाही पाणी दिसू लागले. शेतीला ते हवे होते आणि मी त्याविरुद्ध नाही. पण घाटाच्या ज्या पायऱ्या पूर्वी आठ महिने कोरड्या असत, त्या फुगवट्यात आल्या तर कायम भिजत राहतात. चुन्याच्या सांध्यांना वाळायला वेळच मिळत नाही. पूर्वी वैशाखात पात्रात उतरून पायथ्याचे दगड तपासता येत, निखळलेला बसवता येई. आता पायथा पाहायचा तर दरवाजे उघडून पाणी उतरेपर्यंत थांबावे लागते, आणि ते उतरते तेव्हा पावसाळा सुरू झालेला असतो. दुरुस्तीचा हंगामच नाहीसा झाला आहे. जमेची बाजूही आहे. सारंगखेड्याला केंद्रीय जल आयोगाचे मोजणी केंद्र आहे. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की इशारा खाली पोचतो. १८२२ मध्ये गावाला गोमुखाखेरीज दुसरा निरोप नव्हता.

इशारा मिळाल्यावर करायचे काय, हे महाराष्ट्रात एका गावाला फार चांगले ठाऊक आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुका आहेत आणि जवळजवळ दर पावसाळ्यात पाणी देवळात शिरते. उत्तरेकडून आलेले पाणी पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो, भाविक त्यात स्नान करतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. कोणत्या पायरीला पाणी आले की काय उचलायचे, कुणी उचलायचे, पूजा कुठे चालू ठेवायची, हे सगळे ठरलेले. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही महापुरांत गावाचे हाल झाले, पण देवाची व्यवस्था गोंधळली नाही. पूर हा तिथे नित्यक्रमाचा भाग आहे. नाशिकला गोदावरीकाठी १७४७ मध्ये नारोशंकरांनी बांधलेल्या रामेश्वराच्या देवळावर वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिला पाणी लागले की महापूर, हे नाशिककर पिढ्यान्पिढ्या मानत आले. १९६९ चा पूर त्या खुणेने आठवला जातो. देऊळच पुराचे माप झाले. तापीचे मोठे पूर बऱ्याच वर्षांच्या अंतराने येतात, म्हणून प्रकाशाला नृसिंहवाडीसारखी सवय लागली नाही. हेच मला सर्वांत काळजीचे वाटते.

पूर ओसरला की चिखलाचे काम सुरू होते, आणि ते वेळेत व्हावे लागते. तापीचा गाळ पिठासारखा बारीक. तो नंदीच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेच्या प्रत्येक मण्यामागे बसतो, द्वारपट्टीवरच्या गणपतीच्या डोळ्यांत भरतो, खांबांच्या चिरांत शिरतो. ओला आहे तोवर साध्या पाण्याने आणि मऊ कुंच्याने निघतो. आठवडा गेला, ऊन पडले, की त्यातली काळी माती आकसते, तडकते आणि दगडाचा झिजलेला पापुद्रा ओढूनच सुटते. मग कुणीतरी तारेचा ब्रश आणतो, कुणी ॲसिड आणतो. इटलीत ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीने फ्लॉरेन्स बुडवले. सांता क्रोचे या जुन्या चर्चमधल्या चिमाबुएच्या क्रूसावरचा निम्म्याहून जास्त रंग पाण्याने गेला. जगभरातून तरुण पोरे चिखल उपसायला धावली, आणि भिजलेली कलावस्तू कशी हाताळावी, किती सावकाश वाळवावी याचे आजचे शास्त्र पुष्कळसे त्या चिखलातून घडले. जून २०१३ मध्ये केदारनाथला देवळामागे एक मोठी शिळा आडवी आली, लोंढा दुभंगला आणि देऊळ वाचले. त्या शिळेची गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी गाभाऱ्यातला आणि भिंतींवरचा गाळ कसा काढला, हललेले चिरे कसे बसवले, हे फारसे कुणी विचारत नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सांस्कृतिक वारशाच्या स्थळांसाठी २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आधी नोंद, मग धोक्याचा अंदाज, मग प्रत्येक स्थळाचा स्वतःचा आराखडा, असा त्यांचा रोख आहे. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नव्या बांधकामाला त्या रेषा आडव्या येतात. घाटावरची जुनी देवळे तर निळ्या रेषेच्या आतच असणार. त्यांचे काय करायचे हे रेषा सांगत नाही. २०२६ च्या अखेरीस गुरू सिंहेत जातो. सिंहस्थ आला की तीर्थक्षेत्रांत घाट, रस्ते आणि सुशोभीकरण यांची कामे निघतात. त्या कामांत एखाद्या जुन्या घाटाच्या फटी बुजवल्या गेल्या, देवळाला तैलरंग फासला गेला, फरसबंदी उंचावून पाणी जोत्याकडे वळवले गेले, तर पुढचा अडुसष्ट येईल तेव्हा हिशेब चुकता होईल. त्याच पैशात काठाची पाहणी होऊ शकते, पायथ्याला दगडांची भर पडू शकते, शिखरातले पिंपळ मुळासकट काढता येतात.

आणि एक काम तर पैशाशिवाय होते. प्रत्येक देवळाचे चारही बाजूंनी फोटो, मापांसह एक साधा नकाशा, मूर्तींची यादी आणि त्या उचलून कोणत्या घरात न्यायच्या याची नोंद, असा कागदांचा गठ्ठा एक प्रत गावात आणि एक प्रत शहादा किंवा नंदुरबारला, नदीपासून लांब, ठेवायचा. शहाद्यातल्या महाविद्यालयातली मुले हे एका उन्हाळ्यात करू शकतात. १९६८ चे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना घाटावर नेऊन ती पायरी दाखवायला सांगावी आणि तिच्यावर साल कोरून घ्यावे. २००६ ची पायरी दाखवणारे तर पुष्कळ भेटतील. मोठा पूर कधीच न पाहिलेल्या पिढीला घाट चढता-उतरताना त्या दोन सालांमधले अंतर पावलांनी मोजता येईल, आणि पुढचा इशारा आला की मूर्ती किती पायऱ्या वर न्यायच्या हे विचारत बसावे लागणार नाही.